वरचं सप्तक

“काढताना मोजा. आणि मोठ्यानं मोजा,” बाई म्हणाल्या.

मी ऑर्गनची मागची फळी नुकतीच उतरवली होती. सहा वर्षांची धूळ, उंदरांनी कुरतडलेलं कातडं आणि चिमणीचं एक वाळकं घरटं एकदमच माझ्या मांडीवर आलं होतं. मी वर पाहिलं. पहिल्या बाकाच्या कडेला पांढऱ्या पातळातल्या सगुणाबाई ताठ बसल्या होत्या. मांडीवर वही, हातात पेन्सिल.

“मोठ्यानं कशाला, बाई?”

“मागं एक कारागीर आला होता. बोलायला फार गोड. अकरा सूर घेऊन गेला आणि त्यांच्या जागी पत्र्याचे तुकडे बसवून गेला. म्हणून.”

ऑर्गनच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात. भात्याचा वारा लागला की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. आमच्या धंद्यात त्या जिभांनाच सूर म्हणतात. मी एकेक सूर आकड्यानं ओढून काढत गेलो आणि बिगरीतल्या पोरासारखा मोजत गेलो. एकशे बावीस भरले. बाईंनी ते वहीत लिहिलं, खाली तारीख घातली आणि सहीसाठी वही माझ्यापुढं धरली.

ही ब्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो. नगरला आमचं पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करण्याचं दुकान होतं, वडिलांपासून चालत आलेलं. नगरपासून सोलापूरपर्यंत ज्या ख्रिस्ती देवळात ऑर्गन असेल तिथं घाटविसावे मिस्त्रीचा हात लागलेला, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. गोदाकाठच्या सोनेगावच्या मंडळीला त्या वर्षी पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. उपकारस्तुतीच्या, म्हणजे सुगीचे आभार मानण्याच्या, रविवारी ऑर्गन वाजला पाहिजे, म्हणून तिथले पाळक शेलार यांनी मला पत्र घालून बोलावून घेतलं. सोमवार ते शनिवार, सहा दिवस. राहायचं आणि जेवायचं पाळकांकडेच.

सगुणाबाई मकासरे मुलींच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. वय सत्तरीचं. ऑर्गन चालू होता तोवर तो त्याच वाजवायच्या. देवळाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

काम सुरू करण्याआधी मी हात जोडतो. वडिलांनी लावलेली सवय. त्या दिवशीही जोडले. “प्रभू, हे तुझं काम आहे. यात खोट राहू देऊ नको.” डोळे उघडले तर बाई माझ्याकडेच टक लावून बघत होत्या. त्यांनी डोळे मिटलेच नव्हते.

“प्रार्थना तोही करायचा,” त्या म्हणाल्या. “चांगली लांबलचक.”

संध्याकाळी मी निघालो तेव्हा त्यांनी माझी पिशवी उघडायला लावली. मी एकेक हत्यार काढून बाकावर मांडलं, पिशवी उलटी करून झटकली. तीस वर्षांत माझ्यावर असा प्रसंग आला नव्हता. मनात अढी बसली ती बसलीच.

मंगळवारी भात्याला नवं कातडं चढवलं. दुपारी पाळकांच्या बायकोनं, शेलारबाईंनी, जेवायला हाका मारल्या म्हणे, दोनदा. मी इतका गढलेला होतो की त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा दचकून उठलो. सगुणाबाई बाकावरून ते बघत होत्या. काय बघण्यासारखं होतं कोण जाणे.

बुधवारी सूर लावायला बसलो. सुराच्या जिभेला टोकाशी कानस लावली की तो चढतो, बुडाशी लावली की उतरतो. एक-दोन हलके हात, मग पट्टी दाबून ऐकायचं, मग पुन्हा एखादा हात. पितळ एकदा झडलं की परत येत नाही, म्हणून हे काम जपून करायचं असतं. खालची दोन सप्तकं बरी होती. वरचं सप्तक मात्र सगळं उतरलेलं निघालं. मी ते दुपारपर्यंत घासून जागेवर आणलं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “झालं?”

“झालं.”

“वरचं पुन्हा एकदा ऐकता का?”

“बाई,” मी म्हणालो, “मुलींना पाढे तुम्ही शिकवा. हे माझ्यावर सोडा.”

त्यांनी वही मिटली. मी जेवायला गेलो, तासभर पडलो आणि परत येऊन पेटीच्या सांध्याचं काम केलं.

गुरुवारी सकाळी सहज म्हणून वरच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. काल लावलेलं सप्तक उतरलेलं होतं. पूर्ण नाही, पण कानाला खुपेल इतकं. आधी वाटलं, रात्रीच्या गारव्यानं झालं असेल. मी दोन सूर काढून उजेडात धरले. बुडाशी पितळ नव्यानं चमकत होतं. बारीक, आडव्या रेघा. मी कानस उभी चालवतो. या रेघा माझ्या नव्हत्या.

मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. वारा कानस चालवत नाही, उंदीरही चालवत नाहीत.

मी सप्तक पुन्हा चढवलं. दुपारी मंडळीचे सेक्रेटरी गुलाबराव त्रिभुवन काम बघायला आले. गावात त्यांचं किराणा दुकान होतं, शब्दाला वजन होतं. मला बाहेर चिंचेखाली घेऊन गेले.

“म्हातारी त्रास देते का?”

“पहारा देतात,” मी म्हणालो.

“देणारच. मिस्त्री बोलवायचा ठराव झाला तेव्हा एकटीचा हात वर नव्हता. म्हणे, बाहेरच्याला हात लावू देऊ नका.” त्यांनी आवाज खाली आणला तसा मी जवळ सरकलो. “खरं कारण सांगू? रविवारी माझी सून वाजवणार आहे. सुवार्ता. पुण्याला रीतसर शिकलीय. ऑर्गन नीट वाजला की म्हातारीचं स्टूल गेलं. ती कशाला नीट होऊ देईल?”

मला सगळं लख्ख दिसलं. पहारा, पिशवी, वही हा सगळा देखावा होता तर. चोर मीच आहे असं दाखवायचं आणि पाठीमागं स्वतःच हात मारायचा.

शुक्रवारी तेच घडलं. सकाळी सप्तक उतरलेलं, बुडाशी ताज्या रेघा. दोन सुरांच्या जिभा आता कांद्याच्या पापुद्र्यासारख्या झाल्या होत्या. मी त्या पुन्हा चढवल्या. जेवायला जाताना फळीच्या सांध्यावर कागदाची बारीक पट्टी खळीनं चिकटवली. परत आलो तर पट्टी फाटलेली.

बाई पहिल्या बाकावर होत्याच.

“दुपारी तुम्ही घरी जात नाही का, बाई?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कधी जाते, कधी नाही.”

“आणि किल्ली?”

“किल्ली चाळीस वर्षं माझ्याकडे आहे, मिस्त्री.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलायचं असल्यासारखे ओठ हलले. मग म्हणाल्या, “तुम्हांला घरी कोण कोण आहे?”

“बायको आहे, दोन मुली आहेत. का?”

“काही नाही.”

हे विचारण्यामागं काय डाव असेल, याचा मी रात्री उशीवर डोकं टेकेपर्यंत विचार करत होतो.

शनिवारी दुपारी जेवायला जातो असं सांगून मी बाहेर पडलो आणि देवळाला वळसा घालून मागच्या दारानं वेदीजवळच्या खोलीत शिरलो. तिथं पाळकांचे झगे टांगलेले असतात. दार बोटभर उघडं ठेवून उभा राहिलो.

दहा मिनिटं गेली असतील. बाई उठल्या, बाहेर डोकावून आल्या. पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. त्यात चष्मा नव्हता, सुईएवढी कानस होती. त्यांनी मागची फळी सरकवली. एका पायानं भाता मारत वरची पट्टी दाबली, मान तिरकी करून ऐकलं. मग सूर ओढायला आकडा लावला. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. आकडा दोनदा निसटला. कानस धरायला त्यांना दोन्ही हात लागले. एका सुराला त्यांनी इतका वेळ लावला की तेवढ्यात मी पाच उरकले असते. कपाळावर घाम आला होता. मला त्या हातांची तेव्हा जराही कीव आली नाही.

मी मागच्या दारानंच पळत जाऊन पाळकांना आणि त्रिभुवनांना घेऊन आलो. आम्ही आत शिरलो तेव्हा कानस त्यांच्या हातातच होती.

“मुद्देमालासकट!” त्रिभुवन म्हणाले.

पाळक शेलार भला माणूस. त्यांचाच चेहरा चोरासारखा झाला. “बाई, हे काय? तुम्ही ऑर्गनला...?”

“हो,” बाई म्हणाल्या. “मी घासले सूर.”

“पण का?”

“कारण ते...” एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कानस घरात ठेवली आणि घर मिटलं. “मला चैन पडेना म्हणून.”

“चैन पडेना!” माझा तोल सुटला. “सहा दिवस मी इथं घाम गाळतोय. बाई, स्टूल सोडवत नाही हे समजू शकतो मी. पण प्रभूच्या कामात खोडा घालायचा? आणि वर माझी पिशवी तपासायची?”

बाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि बाकावर ठेवली. दाराशी जाऊन त्या थांबल्या.

“पाळकसाहेब, वरचं सप्तक उद्याच्या आधी कुणाला तरी ऐकवा.”

“मला त्यातलं काय कळतंय, बाई,” पाळक म्हणाले.

“मला कळतंय,” मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत बसून मी सगळं सप्तक पुन्हा लावलं. एक जीभ कानसेखाली तुटली, तिथं माझ्याकडची नवी घातली. शेवटी सगळ्या पट्ट्या खालून वर दाबत गेलो. कानात शिडी चढल्यासारखं सरळ वाटलं.

रविवारी देऊळ भरून गेलं. वेदीपुढं बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या, भोपळे, उसाच्या मोळ्या, टोपलीत पाय बांधलेला एक कोंबडा. शेजारच्या तीन गावांची मंडळी आली होती. मी मुद्दाम पुढं, ऑर्गनच्या अंगाला बसलो. सगुणाबाई कुठं दिसल्या नाहीत.

सुवार्ता स्टुलावर बसली. पहिलं कडवं खालच्या पट्टीत होतं. भात्यानं छान दम धरला, आवाज देवळात भरला, लोक उभे राहून गायला लागले. त्रिभुवनांनी मागं वळून माझ्याकडे बघून मान डोलावली. मग गाणं वर चढलं.

मला ते गोड ऐकू येत होतं. हे मी शपथेवर सांगतो. पण समोरच्या बाकावरच्या मुलीनं कानांवर हात ठेवले. एका म्हाताऱ्यानं दात दुखल्यासारखा गाल धरला. पुरुषांचे आवाज एकेक करून गळाले. गायकगटातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कुणी ऑर्गनमागं जावं आणि कुणी आपला सूर धरावा हे त्यांना कळेना. सुवार्ता एकदम थांबली. आपल्या बोटांना काही चावल्यासारखी ती त्यांच्याकडे बघत होती.

पाळकांनी हात वर केला. “मंडळी, हे गीत आपण नुसत्या टाळ्यांवर गाऊ या.”

उपासना संपली तेव्हा मी ऑर्गनपाशी गेलो. वरची पट्टी दाबली. “बरोबर तर आहे,” मी म्हणालो. दुसरी दाबली. “हीसुद्धा बरोबर आहे.”

सुवार्ता शेजारी उभी होती. बावीस-तेवीस वर्षांची पोर. तिनं रागानं विचारलं नाही, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं.

“काका, तुम्हांला ऐकू येत नाही का?”

त्रिभुवन तोंड उघडून उभे होते. मला कुणाकडे बघवेना. मी तसाच बाहेर पडलो.

बाईंचं घर देवळाच्या मागंच होतं. दार उघडं होतं. त्या ओट्यावर सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या.

“इथपर्यंत ऐकू आलं,” त्या म्हणाल्या. “बस.”

मी पायरीवर बसलो. बाई खडे वेचत राहिल्या.

“छातीचं दुखणं झालं होतं ना तुला?”

“क्षय. दोन वर्षांपूर्वी.”

“नव्वद सुया?”

“नव्वद.”

“आणि मग कानात किर्र वाजायला लागलं.”

मी मान हलवली. हे मी मार्थालाही, म्हणजे माझ्या बायकोलाही, सांगितलं नव्हतं. दुखणं बरं झालं, दुकान पुन्हा उघडलं, मग कानात रातकिडे ओरडतात हे सांगून कुणाला घाबरवायचं? मी स्वतःलाही ते नीटसं सांगितलं नव्हतं.

“त्या सुया कान खातात. आमच्या मास्तरांचंही असंच झालं,” बाई म्हणाल्या. “माझे यजमान. हा ऑर्गन लावायचं काम तेच करायचे, मी त्यांच्याकडूनच शिकले. सुया घेतल्यावर त्यांना वरचे सूर उतरलेले ऐकू यायचे. चढवायचे, आणखी चढवायचे. तुझं बुधवारचं काम ऐकलं आणि आधी वाटलं, हाही लबाड, मुद्दाम बिघडवून पुन्हा यायची सोय करतोय. मग मंगळवारचं आठवलं. शेलारबाई हाक मारत होत्या आणि तू ढिम्म.”

“मग तोंडावर सांगायचं होतं, बाई.”

त्यांचा हात सुपात थांबला.

“मास्तरांना तोंडावर सांगितलं होतं. शाळेच्या कार्यक्रमात, दहा माणसांसमोर. म्हटलं, तुमचा कान गेलाय, सोडा ते. त्यानंतर सहा वर्षं जगले. ऑर्गनला हात लावला नाही, देवळाची पायरी चढले नाहीत. माझ्याशी बोलायचे, पण हो आणि नाही एवढंच.” त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. “म्हणून या खेपेला गप्प बसले. वाटलं, आपण गुपचूप उतरवू, रविवार निभावेल, हा आपल्या घरी जाईल. पण तू रोज सकाळी पुन्हा चढवायचास.”

“काल तरी बोलायचं. मी तुमच्यावर एवढा आळ घेतला.”

“काल बोलले असते तर त्रिभुवननं आठवड्यात जिल्हाभर केलं असतं. तुझ्या दोन मुली आहेत.” मग त्या जरा हसल्या. “आळ घेतलास ते लागलं मला. रात्री तुला शिव्या दिल्या. प्रार्थनेतच दिल्या, दुसरीकडे कुठं देणार?”

मला रडू आलं. बाईंनी ते पाहिलं नाही असं दाखवलं आणि डाळ डब्यात ओतली.

“माझंही चुकलंच,” त्या म्हणाल्या. “मास्तरांना चारचौघांत सांगितलं ते चुकलं, तुला एकांतातही सांगितलं नाही तेही चुकलं. उद्या सकाळी ये. माझ्या बोटांनी आता होत नाही, तुझ्या कानांनी होत नाही. पाळकांकडून किल्ली घेऊन ये. मागताना कारण मात्र खरं सांग.”

पाळकांच्या दाराशी मी अर्धा तास उभा होतो. प्रार्थना करायला हात जोडले, पण दर वेळचे शब्द तोंडात येईनात. शेवटी तसाच आत गेलो आणि सांगितलं. पाळकांनी सगळं ऐकून घेतलं, किल्ली दिली आणि शेलारबाईंना म्हणाले, “मिस्त्री आणखी आठवडाभर राहतील.”

तो आठवडा आम्ही दोघांनी काम केलं. बाई स्टुलावर बसून पट्टी दाबायच्या, मी मागं मांडी घालून. “अजून,” त्या म्हणायच्या. मी एक हात चालवायचो. “अजून थोडा. थांब. आता जास्त झाला, बुडाशी ये.” पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी मला वाटायचं की बाई चुकताहेत. माझा कान ठामपणे सांगत असायचा की सूर उतरलाय, आणि त्या म्हणायच्या, पुरे. कानस खाली ठेवणं फार जड जायचं. चार जिभा वाया गेल्या होत्या, त्यांच्या जागी बुधवारी नगरहून नव्या आणल्या. तेव्हाच मार्थालाही सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटत होतंच.”

पुढच्या रविवारी पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मी उठलो.

“मी सगुणाबाईंवर या देवळात खोटा आळ घेतला,” मी म्हणालो. “त्यांनी काम बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलेलं त्या नीट करत होत्या. माझे कान गेलेत, ते मी लपवलं, आणि प्रभूचं नाव घेऊन त्यांना बोललो. चारचौघांसमोर बोललो होतो, म्हणून मंडळीसमोर क्षमा मागतो.”

मग त्रिभुवन उठले. मला वाटलं, आता हे बोलणार. पण ते माझ्याकडे न बघता ऑर्गनपाशी गेले, सुनेला म्हणाले, “ऊठ, बाईंना बसू दे.” बाई म्हणाल्या, “तिला बसू द्या. मी पानं उलटते.”

बातमी त्रिभुवनांनी पसरवली नाही, माझ्या साक्षीनंच पसरली. वर्षभर एकाही देवळातून बोलावणं आलं नाही. मी पेट्यांचे भाते शिवले, खुर्च्या विणल्या, मार्थानं शिवणकाम धरलं. एकदा तर दुकानाची पाटी उतरवायला शिडी लावली होती. मग सोलापूरकडच्या एका मंडळीचं पत्र आलं. ऑर्गन बंद पडलाय, असं त्यात होतं. आणि खाली: सोनेगावच्या बाईंना घेऊन या, दोघं असाल तरच या.

बाई आल्या. बरोबर एक वळकटी, भाकऱ्यांचं गाठोडं आणि तक्रारींचं पोतं. एसटीत खिडकीपाशी बसून खड्ड्यागणिक ड्रायव्हरला बोलत होत्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो, कारण माझा उजवा कान त्यातल्या त्यात बरा होता. असे आम्ही पुढं नऊ वर्षं हिंडलो, बाई जाईपर्यंत. पण तो पहिलाच प्रवास होता.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. आमच्याकडे बघून हसला.

“काय आजी, लेकाकडे निघालात की लेकाला घेऊन निघालात?”

“लेक नाही हा माझा,” बाई म्हणाल्या. “आम्ही एका कामावर आहोत.”